टीचरचा पियानो आणि १२७ आकडे

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रिलीज, मग रिलीजनंतरचं रडगाणं, मग घरचं लग्न... कारणं नेहमीचीच आहेत. पण यावेळी सांगण्यासारखंही काहीतरी आहे. गेल्या हिवाळ्यातले तीन शनिवार मी एका जुन्या पियानोच्या पोटात डोकं घालून घालवले, आणि तेव्हापासून त्यावर जे काही वाचत सुटलोय ते कुठेतरी ओतल्याशिवाय चैन पडणार नाही.

झालं असं, की ऑफिसातल्या एका मित्राला लहानपणी पियानो शिकवणाऱ्या बाई पुण्यात कॅम्पात राहतात. मूळच्या गोव्याच्या, वय अठ्ठ्याहत्तर. सगळे त्यांना नुसतं 'टीचर' म्हणतात, त्यामुळे मीही टीचरच म्हणतो. त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. तात्पुरती मिळालेली भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि लिफ्ट म्हणजे चार माणसांची डबी. पियानो तिथे जाणं शक्यच नव्हतं. मुंबईचा एक डीलर तो घ्यायला तयार झाला. त्यात टीचरचा डावा हात वर्षभरापासून थरथरायला लागलेला.

मित्राला कल्पना सुचली, की पियानो जाणारच आहे, तर त्याआधी टीचरचं वाजवणं 'मिडी'मध्ये पकडून ठेवू. साध्या पियानोला बसवायच्या सेन्सरचं किट त्याने कुठूनतरी मिळवलं आणि मला फोन केला. मलाच का? तर मी शाळेत असताना चार वर्षं पेटी शिकलोय आणि मला सोल्डरिंग गन धरता येते. एवढ्या भांडवलावर मी हो म्हणालो.

टीचरचा पहिला प्रश्न होता, "रेकॉर्डिंगच करायचं तर फोन आहे की तुमच्याकडे. माझा पियानो कशाला उघडता रे बाबा?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "टीचर, फोन आवाज रेकॉर्ड करतो. हे तुमची बोटं रेकॉर्ड करणार."

हे वाक्य पुढे माझ्याच अंगाशी येणार होतं. पण ते नंतर.

* * *

पेटीवाल्यांसाठी आधी एक गोष्ट. पेटीची पट्टी म्हणजे निव्वळ दार. दाबली की झडप उघडते आणि भात्यातली हवा रीडमधून बाहेर येते. पट्टी हळू दाबा नाहीतर गुद्दा घाला, आवाज तेवढाच. लहानमोठा आवाज भात्याच्या हातात.

पियानोचं बरोबर उलटं. पट्टी दाबली की पलीकडे फेल्ट लावलेला लाकडी हॅमर उडतो आणि तारेवर आदळतो. ही रचना पहिल्यांदा साधली ती फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने, १७०० च्या सुमारास. त्यातली खरी करामत अशी, की तार दोनतीन मिलिमीटरवर राहिली की पट्टी हॅमरला सोडून देते. पुढचा प्रवास हॅमर एकटा करतो, गलोलीतून सुटलेल्या खड्यासारखा. सोडलं नाही तर हॅमर तारेला चिकटून बसेल आणि आवाज तिथेच मरेल.

आता विचार करा, याचा अर्थ काय होतो? वाजवणारा कितीही मोठा असो, त्याच्या मनात काहीही असो, त्या शेवटच्या क्षणी सगळं एकाच आकड्यात येऊन बसतं. हॅमरचा वेग. बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेतल्या ऑटो ऑर्टमन यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात प्रयोगांनिशी हेच मांडलं होतं. बोट पट्टीवर आपटल्याचा बारीक 'टक' असतो तो वेगळा, पण तारेपुरतं बोलायचं तर पट्टी केव्हा दाबली, किती वेगाने दाबली, केव्हा सोडली आणि पायाखालच्या पेडलचं काय चाललं होतं, एवढ्यात काम आटपतं.

चार गोष्टी! इंजिनियर माणसाला याहून गोड काय असणार? गाणाऱ्याच्या गळ्याचं असं करताच येत नाही, गळ्याला पट्ट्या नाहीत. पियानोचं करता येतं.

* * *

पहिला शनिवार निव्वळ मिस्त्रीकामात गेला. वरचं झाकण काढायचं, मग पुढची फळी, मग पट्ट्यांवरचं झाकण, मग पट्ट्यांना वरून अडवणारी लाकडी चीप. त्यानंतर एकेक पट्टी खुंट्यांवरून अलगद वर उचलून काढायची. ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या, एकूण ८८. प्रत्येकीच्या लाकडावर नंबर ठोकलेला असतो आणि प्रत्येकीच्या खुंटीत फेल्टच्या नि कागदाच्या बारीक चकत्या असतात. कुणीतरी कधीकाळी एकेक चकती घालून ८८ पट्ट्या एका पातळीत आणलेल्या असतात. त्या चकत्यांची अदलाबदल झाली की संपलं. आम्ही जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरून सगळ्या पट्ट्या क्रमाने मांडल्या. पियानोच्या तळाशी कसरीने खाल्लेल्या फेल्टचा भुगा, तीन हेअरपिना आणि एक चार आण्याचं नाणं निघालं. नाणं टीचरनी धुऊन देवापुढे ठेवलं.

मग त्या मोकळ्या जागेत सेन्सरची स्ट्रिप बसवायची. प्रत्येक पट्टीखाली एक बारीकसा डोळा असतो. तो वर इन्फ्रारेड प्रकाश फेकतो, आणि पट्टीच्या पोटावरून किती प्रकाश परत आला त्यावरून पट्टी किती खाली आलीय हे ओळखतो. कुठेही स्पर्श नाही, त्यामुळे पट्टीचं वजन बोटाला जसंच्या तसं लागतं. वरच्या एका बिंदूपासून खालच्या बिंदूपर्यंत यायला पट्टीला किती वेळ लागला ते मोजलं की झाला वेग.

ऐकायला सोपं आहे. पण दोन पट्ट्या कधीतरी दुरुस्त करताना काळपट लाकडाने सांधलेल्या निघाल्या, त्यांच्यावरून प्रकाशच धड परत येईना. शेवटी त्यांच्या पोटाला वहीवर लावतात ती पांढरी लेबलं चिकटवली. मधल्या सप्तकातल्या पट्ट्यांखालचं फेल्ट झिजून त्या जास्त खोल जायच्या, कारण चाळीस वर्षं सगळी पोरं तिथेच शिकली. म्हणून प्रत्येक पट्टीचं कॅलिब्रेशन वेगळं करावं लागलं. आधी सावकाश तळापर्यंत दाबायची, मग जेमतेम आवाज निघेल इतकी हलकी, मग जोरात, आणि हे ८८ वेळा. टीचर रात्री जेवायला हाक मारायला आल्या तेव्हा आम्ही ६१ व्या पट्टीवर होतो.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. आम्ही मोजत होतो पट्टीचा वेग. आवाज ठरवतो तो हॅमर. पट्टीवरून हॅमरचा अंदाज बांधायचा, आणि हे यंत्र साठसत्तर वर्षं झिजलेलं. हा प्रश्न आमच्या आधी कुणाला पडला असेल का, म्हणून त्या रात्री घरी जाऊन शोधायला बसलो. पडला होता की! आणि तोही ट्रान्झिस्टर जन्मायच्या आधी.

* * *

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी रेकॉर्ड केली. भल्यामोठ्या कर्ण्यासमोर जीव तोडून गायचं, सुई मेणावर चर पाडणार, तीनेक मिनिटांत गाणं संपवायचं. आवाज पकडायची ही रीत. नेमक्या त्याच काळात दुसरी एक रीत जोरात होती, तिला आवाजाशी देणंघेणंच नव्हतं. डेट्रॉइटच्या एडविन व्होटीने १८९५ मध्ये 'पियानोला' नावाचं कपाट बनवलं. ते पियानोसमोर आणून उभं करायचं. त्याला फेल्ट लावलेली लाकडी बोटं होती. आत भोकं पाडलेल्या कागदाचा रोल फिरायचा, पायाने भाता मारायचा, जिथे भोक येईल तिथून हवा शिरायची आणि ते बोट पट्टी दाबायचं. म्हणजे आपल्या पंचकार्डाचाच भाऊबंद! कागदावर आवाज नाही, सूचना आहेत.

धंदा वाढला तशी प्रत्येक कंपनीची रोलची मापं वेगळी, भोकांची अंतरं वेगळी. (ओळखीचं वाटतंय ना?) शेवटी १९०८ मध्ये अमेरिकेत बफेलो गावी कारखानदार एकत्र बसले आणि सव्वाअकरा इंच रुंदीचा रोल ठरला. ८८ सुरांच्या रोलला इंचात नऊ भोकं. त्याच साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की रोल ही छापील संगीताची 'प्रत' नव्हे, कारण माणसाला तो वाचता येत नाही. संगीतकारांनी आरडाओरडा केला आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलून प्रत्येक रोलमागे दोन सेंट देणं बंधनकारक झालं. यंत्राला वाचता येणारी फाइल ही प्रत आहे की नाही, हा वाद असा शंभर वर्षांहून जुना आहे.

पण हे रोल बहुतेक नोटेशनवरून पेन्सिलीने आखून पाडलेले. त्यात 'केव्हा' होतं, 'किती जोरात' नव्हतं. जोर तुम्ही पाय आणि दांडे हलवून आपल्या मनाने द्यायचा.

खरी उडी मारली ती जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या एडविन वेल्टे आणि कार्ल बोकिश यांनी. १९०४ मध्ये त्यांनी 'वेल्टे-मिन्यॉन' आणलं. मोठमोठे वादक येऊन वाजवणार आणि पियानो तेच वाजवणं, जोरासकट, परत वाजवून दाखवणार. डेब्यूसी, ग्रीग, सां-सांस, रिचर्ड स्ट्राउस, स्क्रियाबिन, सगळे येऊन गेले. ९ नोव्हेंबर १९०५ ला लाइपझिगमध्ये गुस्ताव माहलर बसला आणि त्याने आपल्याच चार रचना वाजवल्या. माहलर १९११ मध्ये गेला. त्याच्या हातच्या वादनाची आज तेवढीच एक खूण उरली आहे, चार रोल.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, वेल्टेने रेकॉर्डिंगचं तंत्र कायम गुप्त ठेवलं. वाजवणारं यंत्र हजारो घरांत गेलं, रेकॉर्ड करणारं मात्र कंपनीच्या हाताबाहेर गेलं नाही. २७ नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात फ्रायबुर्ग बेचिराख झालं, त्यात कारखानाही गेला. माहलरच्या बोटाचा जोर यंत्राने खरंच मोजला होता की मागाहून एखाद्या जाणकाराने रोलवर भरला होता, यावर अभ्यासक आजही भांडतात. त्यात यंत्राची मर्यादा अशी, की पियानोचे डावा आणि उजवा असे दोन भाग, आणि प्रत्येक भागातल्या सगळ्या सुरांना एका क्षणी एकच जोर. शिवाय रोल किती वेगाने फिरवायचा, भाता किती घट्ट ठेवायचा, हे लावणाऱ्याच्या हातात. नीट दुरुस्त केलेल्या दोन पियानोंवर माहलरचा एकच रोल वेगवेगळा वाजतो.

म्हणजे डेटा आहे, पण तो ज्या यंत्राने भरला ते नाही आणि त्याचं कॅलिब्रेशनही नाही. आपल्याकडे नाही का, जुन्या सिस्टिमचा बॅकअप सापडतो आणि तो लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो?

मला पडलेला प्रश्न सोडवला तो क्लॅरन्स हिकमन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. हा १९२४ मध्ये अँपिको रोल बनवणाऱ्या अमेरिकन पियानो कंपनीत लागला. त्याने पट्टीचा नाद सोडला आणि थेट हॅमर गाठला. तारेवर आदळण्याआधीचं शेवटचं छोटंसं अंतर कापायला हॅमरला किती वेळ लागला, याची नोंद विजेच्या ठिणग्या फिरत्या कागदावर करत. दोन ठिणग्यांमधलं अंतर म्हणजे वेग! हे वाचताना मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. १९२० च्या दशकात, ठिणग्या आणि कागद वापरून, हा माणूस प्रत्येक सुराचा वेग मोजत होता. अँपिकोचं सुधारलेलं 'बी' मॉडेल १९२९ मध्ये आलं, आणि त्याच साली शेअर बाजार कोसळला. रेडिओने आधीच अर्धा धंदा खाल्ला होता. हिकमन बेल लॅब्जमध्ये गेला आणि दुसऱ्या महायुद्धात बझूकासारख्या रॉकेटांवर काम करू लागला. भोकांच्या कागदाचं राज्य संपलं.

अगदीच संपलं नाही म्हणा. मेक्सिको सिटीत कॉनलन नॅनकॅरो नावाचा संगीतकार पुढे कित्येक वर्षं एकटा बसून हाताने रोल पाडत होता, माणसाच्या दहा बोटांना जमणारच नाही असं संगीत लिहीत. त्याच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

* * *

मधली वर्षं पटकन सोडतो. १९७८ मध्ये सुपरस्कोप कंपनीने 'पियानोकॉर्डर' आणला. कागदाऐवजी कॅसेट, भात्याऐवजी सोलेनॉइड, आणि तो घरच्या पियानोत बसवता यायचा. आमच्या किटचा हा थेट आजोबा. पण त्याचीही भाषा त्याची स्वतःची.

सगळ्यांची एक भाषा ठरली ती सिंथेसायझरवाल्यांमुळे. १९८१ मध्ये रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्यासारख्या लोकांनी बोलणी सुरू केली. स्मिथने त्याच वर्षी एक आराखडा मांडला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात एका कंपनीचा कीबोर्ड दाबल्यावर दुसऱ्या कंपनीचा वाजला. तेच मिडी. त्यासाठी कुणी कुणाकडून लायसन्सचे पैसे घेतले नाहीत. दोघांना २०१३ मध्ये त्याबद्दल टेक्निकल ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये.

मिडी किती साधं आहे बघा. सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर म्हणजे तीन बाइट. समजा १४४, ६०, ६४. पहिला आकडा म्हणतो 'पट्टी दाबली, चॅनेल पहिला'. दुसरा म्हणतो कोणती, ६० म्हणजे पियानोच्या मधला सा म्हणा हवं तर. तिसरा वेग. प्रत्येक बाइटला पुढेमागे एकेक बिट जोडून दहा बिट होतात, म्हणजे तीन बाइटला साधारण एक मिलिसेकंद. वेगाला सात बिट, म्हणजे ० ते १२७. त्यात शून्याचा अर्थ 'सोडली', म्हणून खरे आकडे १ ते १२७. क्रिस्तोफोरीपासून चालत आलेला सगळा बोटांचा खेळ या १२७ पायऱ्यांवर. (२०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये वेगाला १६ बिट आहेत, पण आमचं किट जुन्या घराण्यातलं.)

आणि कागदाची भोकं? वेन स्टान्की या कॅलिफोर्नियातल्या इंजिनियरने १९८० च्या दशकात ब्योझेनडॉर्फर पियानोसाठी एक यंत्रणा बनवली, तीही हॅमरचा वेग प्रकाशाने मोजणारी. मग त्याने रखमानिनोव्हचे जुने अँपिको रोल घेतले, भोकांवरून हॅमरचे वेग काढले आणि ते आपल्या पियानोवर वाजवले. १९९८ मध्ये त्याची सीडी निघाली. रखमानिनोव्ह १९४३ मध्ये वारला होता. माझ्या मते ती सीडी शक्य झाली याचं एक मोठं कारण हेच, की अँपिकोचं यंत्र आतून कसं चालतं हे समजून घेता येत होतं. वेल्टेच्या रेकॉर्डिंग यंत्राबद्दल ते म्हणता येत नाही.

एवढं सगळं वाचून मी दुसऱ्या शनिवारी टीचरकडे गेलो. आपण फार मोठ्या परंपरेतले शेवटचे पाईक आहोत अशा थाटात.

* * *

टीचर त्या दिवशी सव्वा तास वाजवत होत्या. शोपाँ, शुमान, आणि शेवटी त्यांच्या आईने शिकवलेला एक मांडो. हात थरथरत होता, पण पट्टीवर पडला की स्थिर. लॅपटॉपवर आकडे धावत होते. मला तर आकड्यांतच गाणं दिसायला लागलं होतं. मित्राने सवयीने फोनही चालू करून शेल्फवर ठेवला होता. मी त्याला म्हणालोसुद्धा, "कशाला रे, बॅटरी घालवतोस?"

बुधवारी रात्री फाइल नीट ऐकायला बसलो. सूर बरोबर, जोर बरोबर, आणि तरी काहीतरी भयंकर चुकलेलं. कुठे आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटत होता, कुठे चार सूर एकमेकांत चिखल होऊन बसले होते. अर्धा तास डोकं खाजवलं आणि मग उमगलं. पेडल!

पियानोचं उजवं पेडल दाबलं की तारांवरचे डँपर उचलले जातात आणि सूर रेंगाळतो. पण हे दिव्याचं बटण नाही. कसलेला वादक पाय अर्धवट, पाव, अगदी कणभर दाबतो, डँपर तारेला जेमतेम शिवत राहतात आणि सूर हळूहळू विरतो. मिडीत पेडलचा कंट्रोलर ६४ नंबरचा. ६३ पर्यंत 'बंद', ६४ पासून 'चालू' असं वाचायची जुनी पद्धत आहे, पण मधले सगळे आकडे पाठवता येतात. आमचा पेडलचा सेन्सर तेही करू शकत होता. फक्त सेटिंगमध्ये तो 'स्विच' म्हणून ठेवलेला होता. ठेवलेला कसला, मीच ठेवलेला. पट्ट्यांच्या कॅलिब्रेशनला आठ तास दिले आणि पेडलला दहा सेकंद, कारण पेटीला पेडल नसतं. माझ्या डोक्यात तो आकडा महत्त्वाचा नव्हता, म्हणून मोजला गेला नाही.

तिसऱ्या शनिवारी सेटिंग बदलून बसलो. त्या दिवशी थंडी फार होती. टीचरचा हात ऐकेना. वीस मिनिटं प्रयत्न केला, मांडो दोनदा मध्येच सोडला आणि त्यांनी शांतपणे झाकण लावलं. "पुरे आता," एवढंच म्हणाल्या. रविवारी आम्ही स्ट्रिप काढून घेतली आणि सोमवारी टेंपो आला.

म्हणजे हिशेब असा. ज्या दिवशी बोटं होती त्या दिवशी पाय नोंदला नाही, आणि ज्या दिवशी पाय नोंदला त्या दिवशी बोटं नव्हती. आणि पियानो तर गेलाच.

महिन्याभराने नव्या जागेत जाऊन टीचरना दुसऱ्या शनिवारची फाइल ऐकवली. चांगले स्पीकर नेले होते, महागातला पियानो साउंड टाकला होता. त्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोटं माझी आहेत. पाय माझा नाही."

मी काय सांगणार? सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या, रागावल्या नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

मग मित्राने खिशातून फोन काढला. त्याच दिवसाचं, शेल्फवरून केलेलं रेकॉर्डिंग. त्यात पंख्याची घरघर आहे, बाहेर रिक्षा आहेत, मध्येच कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत, मी कपबशी आपटल्याचा आवाज आहे. आणि त्या सगळ्यामागे, बारीकसा, मांडो. सूर विरतोय तो जसा विरायला हवा तसा. झिजलेल्या हॅमरचा थोडा टणक आवाजही आहे. टीचर पुढे वाकून ऐकत होत्या. "हां. हा माझा पियानो."

* * *

यावर मी बराच विचार केला. बोटं रेकॉर्ड करायची पद्धत स्वच्छ आहे, खरखर नाही, शंभर वर्षांनीही नव्या पियानोवर ताजी वाजेल. पण आपण आधी जे मोजायचं ठरवतो तेवढंच ती मोजते. वेल्टेने काय ठरवलं होतं ते कळत नाही म्हणून माहलरचे रोल आज कोड्यात टाकतात. आवाज रेकॉर्ड करायची पद्धत गबाळी आहे, गौहर जानच्या तबकडीसारखी खरखरणारी. पण कुणाला काय महत्त्वाचं वाटलं हे ती विचारत नाही. कुकरची शिट्टी घेते तसंच अर्धं दाबलेलं पेडलही घेते.

मित्र म्हणाला, फोनवर ऐकून पेडलचे आकडे हाताने भरून टाक ना, तुला येतं ते. येतं खरं. एक पान भरूनही पाहिलं, ऐकायला छानही वाटलं. पण मग तो पाय टीचरचा नसून माझा. फ्रायबुर्गच्या कारखान्यात पेन्सिल घेऊन बसला असेल किंवा नसेल तो माणूस म्हणजे आता मी. म्हणून मूळ फाइलला हात लावला नाही. भरलेली फाइल वेगळी ठेवली आणि तिच्या नावातच लिहिलं, की यातलं पेडल माझं आहे.

आता एका फोल्डरमध्ये सगळं एकत्र आहे. तिन्ही शनिवारच्या मिडी फाइली, ८८ पट्ट्यांचं कॅलिब्रेशन, कोणत्या दोन पट्ट्यांना लेबलं होती, फेल्ट कुठे झिजलं होतं, पियानोचे आतले फोटो, फोनचं रेकॉर्डिंग कुकरसकट, आणि एक साधी टेक्स्ट फाइल. तिची पहिली ओळ आहे, 'पहिल्या दोन शनिवारी पेडल स्विच म्हणून नोंदलं गेलं, ती चूक माझी.' या फोल्डरच्या तीन प्रती आहेत, एक टीचरच्या मुलाकडे.

असो. तुमच्याही घरी कुणी पेटी, तबला, सतार वाजवणारं असेल आणि तुम्ही मोठं काही यंत्र आणून ते टिपायचा बेत करत असाल, तर जरूर करा. फक्त शेजारच्या शेल्फवर एक फोनही चालू ठेवा, आणि कुणी बॅटरीबद्दल बोललं तर लक्ष देऊ नका.